इतर

परवाना विभाग, खिडकी नंबर चार.
पंखा माझ्या डोक्यावर, वारा पलीकडच्या टेबलाला.
भीमशा म्हेत्रे काचेच्या भोकातून अर्ज आत सारतात.
कोरा. खाली फक्त सही, सहीशेजारी अंगठा.
दोनी असल्यालं बरं, म्हणतात.

मीच विचारते, मीच लिहिते.

कार्यक्रमाचे स्वरूप?
आखाडातला शेवटचा मंगळवार.
आयोजक?
गल्ली.
गल्लीचा नोंदणी क्रमांक?
ते हसतात. पुढचा एक दात नाही,
तो म्हणे टिपरू उडून गेला, पोराच्या हातचं.

अंदाजे प्रेक्षकसंख्या?
बघायला कोण येतंय मॅडम,
समदे नाचायलाच येत्यात.
आसनव्यवस्था: निरंक.

वाद्याचा प्रकार.
ध्वनिक्षेपक, बँड, डीजे, असे छापील पर्याय,
मग 'इतर', आणि त्यापुढे बोटभर जागा.
हलगी दोन, कैताळ एक, एवढं मावतं.
घुमकं रकान्याबाहेर जातं, समासात.

अग्निशामक दलाचा प्रश्न: आग असणार का?
मुठीएवढी. हलगी शेकायला. कागदाची.
मुठीएवढ्या आगीला वाळूच्या दोन बादल्या,
नियम आहे.

कार्यक्रम समाप्तीची वेळ?
इथे ते खरोखर विचारात पडतात.
देवी उतरली की.
ती किती वाजता उतरते?
ते नरसव्वाला इचारा. न्हायतर देवीला.

मागे रांग. कोणाचा मांडव, कोणाची कुल्फीची गाडी.
मी लिहिते: रात्रौ दहा.

*

मंगळवारी गेले मी साखर पेठेत.
तपासणीला नव्हे. का, ते सांगता येणार नाही.
बोळाच्या तोंडाशी वाळूच्या दोन बादल्या,
एकीत कोणीतरी उदबत्त्या खोचलेल्या.
भीमशा उकिडवे बसून हलगी शेकत होते
परवान्याच्या झेरॉक्सवर.
माझी सही आधी तांबूस झाली, मग काळी,
आणि कातडं बोललं.

अस्सल खिशात हाय, म्हणाले मला बघून.

नरसव्वा बोद्दुल. सकाळपासून नऊशे विड्या
वळलेली बाई. बोटं तंबाखूने पिवळी.
तिने केस सोडले तेव्हा
गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला झाली.
तेलुगूत काहीतरी विचारत होती सगळ्यांना,
पोटातून, जड आवाजात.
उत्तर कोणी शब्दात देत नव्हतं,
हलगी देत होती.

दहाला जीप आली.
साहेबांच्या हातात आवाज मोजायचं यंत्र.
भीमशांनी घड्याळ पाहिलं नाही,
माझ्याकडे पाहिलं,
आणि अर्ध्या ठेक्यात हात थांबवला.

यंत्रातला आकडा थोडा उतरला
आणि तिथंच राहिला. साहेबांनी ते हलवून पाहिलं.
भिंतीपलीकडे चाळीस माग,
खडखट खडखट, चादरीत मोर विणत.
त्यांचा परवाना वेगळ्या खात्याचा.

नरसव्वा मात्र डोलत राहिली.
दहा वाजलेले देवीला कळले नव्हते,
आणि परत जायचा रस्ता कोणी वाजवत नव्हतं.
पाच मिनिटं. दहा. घाम गळ्यावरून खाली.
थांबली की पडंल, कोणीतरी म्हणालं,
म्हणून चौघी तिला धरून तिच्यासोबत डोलू लागल्या.

मग तिची लेक घरातून विडीचं सूप घेऊन आली.
तंबाखू पदरात ओतली,
रिकामं सूप भीमशांच्या मांडीवर ठेवलं.
ते पायरीवर बसले, मान कलती करून,
आणि नुसत्या बोटांनी
उतरणीचा ठेका धरला.

मागांच्या आवाजाखाली तो होता.
यंत्राला लागला नाही.
मला लागला, पायरीच्या दगडातून.
साहेबांनी जीपचं इंजिन बंद केलं.

हळूहळू नरसव्वा खाली बसली. केस बांधले.
किती वाजले, म्हणाली,
उद्याचा माल द्यायचाय कारखान्यात.

*

यंदा भीमशा आले तेव्हा
ते काही बोलायच्या आत मी लिहून ठेवलं होतं:
हलगी दोन, कैताळ एक, समासात घुमकं,
आणि त्याखाली, अगदी बारीक अक्षरात, सूप.

शुल्क लागतंय का त्याला?
माहीत नाही, म्हटलं. विचारणार नाही.

समाप्तीच्या वेळेशी पेन अडलंय.
ते काचेपलीकडे उभे. मागे रांग.